आईने पट्टू नेसला त्याची गोष्ट : मनालीतले सात दिवस

१० मे

चंदीगड विमानतळाच्या दाराबाहेर नावांच्या पाट्या धरून पंधरा-वीस माणसं उभी होती. आमचा ड्रायव्हर पाटीबिटी न घेता सरळ चालत आला आणि आईच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "मनाली ना?"

कसं ओळखलंत, म्हणून विचारलं तर त्याने आमच्या हातांकडे बोट दाखवलं. बाहेर चाळिशीच्या घरातलं ऊन, आणि आम्हा दोघींच्या दंडावर स्वेटर. "इस गर्मी में स्वेटर लेके कौन घूमता है, मैडम जी?"

मला हे जरा लागलंच. कारण हा ओळखण्याचा धंदा आमच्या घरातला. मी महाबळेश्वरची. बाजारपेठेत बाबांचं चपलांचं दुकान होतं, आणि बाबा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. बुटांना लाल माती नाही म्हणजे आज सकाळच्या गाडीने आलेलं, दहा दुकानं हिंडून मग घेईल. बूट घोट्यापर्यंत लाल म्हणजे सगळे पॉइंट बघून झालेत, उद्या निघणार, आत्ता घेणार. भर दुपारी मफलर गुंडाळलेले काका, वेण्णा तलावापाशी घोड्यावर बसायचं म्हणून काऊबॉय हॅट चढवलेली पोरं, जुलैच्या पावसात पांढरी पँट घालून आलेले बिचारे जीव, हे सगळं बघून हसतच मी मोठी झाले. दुसऱ्या कुणाच्या थंड हवेच्या ठिकाणी मुक्कामाला जायची वेळ पन्नाशीत आली, तीही आईला 'एकदा बर्फ बघायचाय' म्हणून. आणि विमानातून उतरून अर्धा तास झाला नाही तोच पकडले गेले.

मनाली इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. किरतपूरनंतर बोगद्यांमागून बोगदे, मंडीला जेवण, औटचा लांब बोगदा, मग बियास नदी सोबतीला. आई बहुतेक रस्ताभर झोपली. रात्री ढुंगरी गावात पोचलो. हिडिंबा मंदिराच्या अगदी जवळ, एका कुटुंबाने वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना ठेवल्या आहेत, तिथे उतरलो. घरात भाभी, तिचा नवरा, आणि तिची सासू, जिला सगळे अम्मा म्हणतात. अम्मांनी दारात आईला बघितलं. सुती साडी, वर स्वेटर, स्वेटरवर शाल, पायात मोजे आणि त्यावर अंगठ्याच्या चपला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मोज्यांकडे बघितलंच. बाबांची आठवण झाली.

११ मे

माल रोड. सकाळी दहा वाजता बाकावर बसलो आणि मी ठरवूनच मोजदाद सुरू केली.

पहिली जात नवपरिणितांची. दोघांची जॅकेटं एकाच रंगाची, कोरी, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. पंजाबी नवऱ्या लाल-पांढऱ्या चुड्यावरून लांबूनच कळतात, कोपरापर्यंत चुडा आणि खाली जीन्स. आई म्हणाली, "आपल्याकडच्या पण हायत." मला दिसेनात. तर म्हणे बाह्यांकडे बघ. खरंच, जॅकेटच्या बाहीतून हिरवा चुडा डोकावत होता. अर्ध्या तासात आईने अशा पाच काढल्या. एकीला तर तिने "कुठल्या गं तुम्ही?" असं विचारूनही घेतलं. बार्शीच्या निघाल्या.

दुसरी जात मोटारसायकलवाल्यांची. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, पाठीवर पाण्याची पिशवी, आणि हे सगळं घालून चहा पिताहेत. गाडी हॉटेलच्या दारात उभी. लेहला निघायला अजून दोन दिवस आहेत, पण कवच काढवत नाही.

तिसरी जात आमचीच. एका रंगाच्या टोप्या घातलेला चाळीसेक जणांचा मराठी ग्रुप. बायका पंजाबी ड्रेस आणि कोऱ्या पांढऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये, कारण टूरवाल्यांनी 'चालायला बूट आणा' म्हणून बजावलेलं असतं. पुरुषांच्या कानाला मफलर. "काय हवा आहे!" असं एकमेकांना सांगत सगळे घामाघूम.

मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर आहे. मे महिन्यातलं सकाळचं ऊन इथे चांगलं चटका देतं. त्या उन्हात गावातली माणसं काय घालून होती? काहीच विशेष नाही. शर्ट, पँट, स्पोर्ट्स शूज. भाजीवाला बाह्या दुमडून बसलेला. शाळेची पोरं स्वेटर कमरेला बांधून पळत होती. डोक्यावर कुल्लूची गोल टोपी असलेली माणसं दिसली, पण बहुतेक साठीच्या पुढची. माल रोडवर 'हिमाचली' दिसणारं जे काही होतं ते दुकानांत टांगलेलं होतं.

गंमत संध्याकाळी झाली. साडेपाच-सहाला सूर्य डोंगराआड गेला आणि पंधरा मिनिटांत हवा अशी पालटली की दात वाजायला लागले. आता पाहुणे टी-शर्टवर होते, कारण दुपारी उकडलं म्हणून जॅकेटं खोलीत टाकून आलेले. आणि भाजीवाला? त्याने गल्ल्याखालून लोकरीची बंडी काढली, चढवली, आणि कांदे तोलत राहिला. नुसतं बाकावर बसून दोन्ही वेळा बघितल्या तर पाहुण्यांचे आणि गावकऱ्यांचे कपडे जणू पाळीपाळीने बदलत होते. सकाळी हे जाड ते पातळ, संध्याकाळी उलट. महाबळेश्वरला आम्हीही असेच वागत असणार. पण आपल्याच गावात हे दिसत नाही.

हे सगळं शहाणपण सुचल्यावर मी काय करावं? टोपी घेतली. करडी लोकर, पुढे मखमल आणि त्यावर रंगीत विणकामाची पट्टी. दुकानदाराने विचारलं, "हरी या लाल?" मी म्हटलं, जी बरी दिसेल ती. तो हसायला लागला. मग कळलं की इथे टोपीच्या रंगाला बरीच वर्षं पक्षाचा वास होता. हिरवी पट्टी म्हणजे बुशहर संस्थानाकडची बुशहरी टोपी, माजी मुख्यमंत्री वीरभद्र सिंहांची, म्हणून काँग्रेसची. मरून म्हणजे दुसरे माजी मुख्यमंत्री प्रेमकुमार धुमलांची, म्हणून भाजपची. दुकानदार म्हणाला, आता तेवढं राहिलं नाही, पण निवडणुकीत अजूनही लोक डोक्याकडे बघून बोलतात. मी दोन्ही रंग असलेली घेतली. आमच्याकडे टोपी कुणाची कुणाला बसते हे सांगायला नको.

१२ मे

बर्फाचा दिवस.

रोहतांग खिंड ३९७८ मीटरवर. ती अजून पर्यटकांना उघडली नव्हती, गाड्या खिंडीच्या अलीकडच्या मढीपर्यंतच सोडत होते. बर्फासाठी पुष्कळ लोक आता अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला जातात. २०२० साली तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि खिंडीवरची बरीच गर्दी तिकडे वळली. ड्रायव्हर म्हणाला, मढीला बर्फ आहे, थोडा मळका आहे, पण आहे.

मनालीहून वर निघालं की पलचान, कोठीच्या वाटेवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या टपऱ्या लागतात. प्रत्येकीवर मोठ्ठा आकडा रंगवलेला. त्यांत टांगलेले असतात बर्फाचे सूट, निळे, लाल, गुलाबी, पोपटी, दोरीवर वाळत घातलेल्या फुग्यासारख्या माणसांसारखे. गाडी एका ठरावीक आकड्यापाशीच थांबली. का, ते विचारायचं नसतं. आमच्याकडे टॅक्सीवाले कुठल्या चपलांच्या दुकानापाशी थांबायचे आणि का, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे.

सूट आणि गमबूट मिळून तीनशे रुपये भाडं. मोजे आणि हातमोजे मात्र विकतच घ्यायचे, ते परत घेत नाहीत. दुकानातल्या मुलाने मला एका नजरेत मापलं आणि एक जांभळा सूट काढून दिला. तो कपडे घालण्याचा प्रकार नव्हे. आधी त्यात उभं राहायचं, मग तो मुलगा मागून उचलतो, हात कोंबतो, आणि गळ्यापर्यंत चेन ओढतो. आतून तो ओलसर होता. कालच्या माणसाचा घाम असेल किंवा कालचा बर्फ, मी खोलात गेले नाही. खिशात हात घातला तर शेंगदाणा चिक्कीचं रिकामं पाकीट निघालं, त्यावर लोणावळ्याचा पत्ता! आपलंच कुणीतरी या सुटात शिरून गेलं होतं. इतकं बरं वाटलं की विचारू नका.

आईने सूट घालायला साफ नकार दिला. "मी काय सर्कशीत चाललेय?" साडी जरा वर खोचली, पदर कमरेला गुंडाळला, शाल छातीवर आडवी बांधली, आणि गमबूट तेवढे घेतले. महाबळेश्वरच्या पावसात डोक्यावर इरलं घेऊन तिने तीस वर्षं गुरं, पाणी, दुकान सगळं केलंय. गमबूट तिला नवीन नाहीत. दुकानातला मुलगा तिच्याकडे बघून मान हलवत राहिला. तो स्वतः शर्टाच्या बाह्या दुमडून, बर्मुडा आणि रबरी स्लिपरवर होता.

मढीच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे रस्ताभर मेंढ्या. गद्दी लोक या दिवसांत कळप घेऊन वरच्या कुरणांकडे निघतात. तरुण गद्दी पोरं जॅकेट-पँटमध्ये होती, पण मागून एक म्हातारा चालत आला, पांढऱ्या लोकरीचा घोळदार चोला, आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोरखंडाचे वेढ्यांवर वेढे. त्या दोरखंडाला डोरा म्हणतात. छातीपाशी चोला फुगलेला होता. म्हातारा जवळून गेला तेव्हा त्या फुगवट्यातून एक डोकं बाहेर आलं. कोकरू! नुकतं जन्मलेलं, डोळे किलकिले. डोरा इतका घट्ट बांधायचा तो याचसाठी, की वरचा चोला पिशवीसारखा राहतो आणि त्यात न चालणारं कोकरू, भाकरी, तंबाखू, काय हवं ते मावतं. आईने काच खाली केली आणि मला म्हणाली, "हा तर आपला धनगर." आमच्या घाटातून मेंढरं उतरायची तेव्हा धनगरांच्या खांद्यावरच्या काळ्या घोंगडीत अशीच पिल्लं असायची. म्हाताऱ्याने आईकडे बघून हात जोडले. आईनेही जोडले. दोघांचा कपडा लोकर आणि सूत सोडलं तर फारसा वेगळा नव्हता, नुसता गुंडाळायचा आणि खोचायचा.

मढीचा बर्फ खरंच मळका होता. त्यावर दोनेकशे फुगलेली माणसं घसरत होती, आणि सगळी सारखीच दिसत होती. कोण कुणाची बायको ते कळत नव्हतं. एक काका दुसऱ्याच कुटुंबाच्या फोटोत जाऊन उभे राहिले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोटोवाले, याकवाले, मॅगीवाले मात्र लगेच उठून दिसत. साधं जॅकेट, जीन्स, काळा चष्मा, आणि चालण्यात घाई नाही. मी तीन वेळा पडले. आई एकदाही नाही. साडीचा काठ ओला झाला तेवढाच. दोन-चार जणांनी तिचे फोटो काढले, गमबुटातली नऊवारी म्हणून. सहावारी होती, पण खोचल्यावर कुणाला कळतंय?

खाली येताना एका वळणावर रस्त्याच्या कामावरची माणसं दिसली. झारखंडहून येतात, ड्रायव्हर म्हणाला. अंगात चमकत्या पट्ट्यांची केशरी बंडी, खाली पातळ पँट, डोक्याला गमछा. ते कुठल्याच यादीत बसत नव्हते. भाड्याचा सूट परत करताना त्या ओल्या अस्तरात माझा हात अडकला आणि मला ती पातळ पँट आठवली.

१३ मे

पाऊस. वसिष्ठला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो, दुपारी जुन्या मनालीत कॉफी. तिथे परदेशी पोरंपोरी ढगळ विजारी, रंगीत ठिगळांचे झगे घालून बसलेली. हे कपडे तिथल्या प्रत्येक दुकानात टांगलेले असतात आणि गावातलं एक माणूस ते घालत नाही. कपडे मनालीतच मिळतात, म्हणजे मनालीचेच असणार, असा बहुतेक हिशेब. माझ्या डोक्यावर टोपी होती, म्हणून मी फार हसले नाही.

१४ मे

या दिवसासाठीच आम्ही या तारखा धरल्या होत्या असं सांगायला मला आवडेल, पण खरं तर आम्हाला माहीतच नव्हतं. ढुंगरीची जत्रा! हिडिंबा देवीचा वाढदिवस म्हणून दरवर्षी मेच्या मध्यात तीन दिवस भरते.

पहाटेपासून घरात गडबड. जी भाभी चार दिवस ट्रॅकपँट आणि स्वेटरवर वावरत होती, ती न्हाऊन खाली आली आणि मी ओळखलंच नाही. अंगावर चौकड्यांचा जाड लोकरी पट्टू, दोन्ही खांद्यांवर चांदीच्या मोठ्या पिना, दोन्हींना जोडणारी साखळी, डोक्याला मागे गाठ मारलेला फुलाफुलांचा रुमाल. रुमालाला थिपू म्हणतात, पिनांना बूमणी.

आई जवळ जाऊन पदराचा पोत बघावा तसा पट्टू बोटांत धरून बघायला लागली. अम्मांनी ते पाहिलं. काही न बोलता आत गेल्या, पेटीतून दुसरा पट्टू काढला, डांबरगोळीचा वास असलेला, तपकिरी, काठाला लाल-हिरवी नक्षी, आणि आईपुढे धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईचं हिंदी सिनेमापुरतं, अम्मांचं त्याहून थोडं बरं.

मग अर्धा तास जे चाललं ते मी दारात उभी राहून बघितलं. आईला सलवार-कमीज घालावा लागला, भाभीचा. तोच तिला मोठा अपमान वाटला, पण घातला. अम्मांनी पट्टूचं एक टोक काखेखालून घेतलं, पाठीमागून फिरवलं, दोन्ही कडा खांद्यावर ओढून एकेक बूमणी टोचली. आई लगेच हातांनी पुढे चुण्या करायला लागली. "निऱ्या नाहीत?" अम्मांनी तिचे हात बाजूला केले. निऱ्या नाहीत. उरलेला पट्टू पुन्हा अंगाभोवती फिरला, घट्ट, आणि वर कमरेला कापडी पट्टा, गाची. अम्मांनी गाची आवळली तशी आईच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. अम्मा म्हणाल्या, ढिली बांधली तर डोंगर कसा चढणार? हे आईला हिंदी न कळताही पटलं. कासोटाही ढिला चालत नाही.

"गोधडी नेसल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "पण ऊब चांगलीय."

शेवटी पाय. अम्मांनी आईच्या चपलांकडे बोट करून नाही म्हटलं. चामडं देवापाशी चालत नाही. कोपऱ्यातून त्यांनी पूला काढले, भांगेच्या धाग्याचे विणलेले, वर रंगीत लोकर गुंफलेली, घरात नि देवळात घालायचे हलके जोडे. जन्मभर चामड्याच्या चपला विकणाऱ्या माणसाची बायको ते हातात घेऊन उलटेपालटे बघत राहिली. तळ, टाका, टाच. "ह्यांनी बघायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाली.

मीही माझी टोपी चढवली. भाभी खुदकन हसली. "दीदी, हमारे यहाँ टोपी मर्द पहनते हैं. किन्नौर में औरतें पहनती हैं." म्हणजे चार दिवस मी गावभर काय सांगत हिंडत होते? की मी एक तर पुरुष आहे, नाही तर किन्नौरची! टोपी पिशवीत गेली.

मंदिर देवदारांच्या दाट राईत. १५५३ साली राजा बहादूरसिंहाने बांधलेलं, लाकडी छपरांचे थर एकावर एक, भिंतींवर शिंगं टांगलेली, आत खडकाखाली देवीची पावलं. एरवी इथे काय चालतं ते आम्ही दोन दिवसांपूर्वी बघून ठेवलं होतं. झाडांखाली गाठोडी मांडून बसलेल्या बायका, भाड्याने पोशाख. चमकीच्या टिकल्या लावलेले लाल-पिवळे झगे, नकली चांदी, हातात पांढरा गुबगुबीत ससा, आणि फोटो. त्या झग्याचं कुल्लूच्या पट्टूशी नातं एवढंच, की दोन्ही अंगावर घालतात. अंगावरच्या कपड्यांवरूनच चढवतात आणि मागून नाडीने बांधतात, म्हणजे जीन्सवाली माणसं समोरून पहाडी आणि पाठीमागून पुण्याची.

आज मात्र देवदारांत ढोल, नगारे, करनाळ, रणशिंगं. आसपासच्या गावांचे देव आपापल्या रथांतून, खांद्यांवर, डोलत येत होते. आणि बायका, शेकड्याने, पट्टूंत. तपकिरी, पांढरे, राखाडी, काठ वेगवेगळे. रोज ज्या दुकानात, शाळेत, बँकेत बिनओळखीच्या पँट-शर्टमध्ये दिसतात त्याच. हातात हात घालून त्यांनी नाटी नाचाचं कडं धरलं, पावलं अगदी सावकाश. पाहुणे कडेने मोबाइल उंच धरून.

अम्मांनी आईला ओटीवर आपल्या ओळखीच्या बायकांत बसवलं. मी थोडी लांब, बाकीच्या पाहुण्यांत. तेवढ्यात एक जोडपं आईसमोर घुटमळायला लागलं. मुलीच्या बाहीत हिरवा चुडा.

"अहो, विचारा ना, एक फोटो काढू देतील का. किती गोड आहेत आजी. चेहरा बघा, टिपिकल पहाडी."

नवरा हिंदीची जुळवाजुळव करायला लागला. "माताजी... वो... एक फोटो..."

आईने मान वर केली. "काढ की, बाबा. पण जरा हिकडं येऊन काढ, तिकडनं उन्हानं डोळं बारीक हुत्यात."

मुलगी किंचाळलीच. ढोलांच्या आवाजातही चार माणसं वळली. अम्मांना काय झालं ते कळेना. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की थिपू सुटला, आणि शेजारच्या बायकांना त्यांनी आपल्या बोलीत ती गोष्ट तीनदा सांगितली. शेवटी आईच्या पायांकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. भाभीने सांगितलं, अम्मा म्हणताहेत, मला तर दोन कोसांवरून कळलं असतं. पूला घातले तरी ही बाई पाय पुढे लांब सोडून बसलीय. आमच्याकडच्या बायका देवासमोर तशा बसत नाहीत.

आईने पाय आखडून घेतले.

१५ मे

नग्गर, आणि येताना कुल्लूच्या दिशेने खाली शमशीपर्यंत.

नग्गर ही कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. दगड आणि लाकडाच्या आडव्या थरांचा वाडा आता सरकारी पर्यटन खात्याचं हॉटेल आहे. आम्हाला जास्त वेळ लागला वर, निकोलस रोरिक यांच्या घरात. हे रशियन चित्रकार १९२८च्या सुमारास इथे आले आणि १९४७ साली इथेच वारले. मुलाने, स्वेतोस्लावने, काढलेल्या चित्रांत आणि फोटोंत ते लांब तिबेटी झगा घालून उभे आहेत. आईने विचारलं, हा पण भाड्याचा का? मी म्हटलं, नाही गं, हे वीसेक वर्षं राहिले इथे. "मग त्यांचाच," आई म्हणाली. मला तेवढी खात्री नाही. कुल्लूच्या खोऱ्यात तिबेटी झगा घालून राहणारा माणूस गावकऱ्यांना काय वाटत असेल?

शमशीला भुट्टी विणकरांची सहकारी संस्था, भुट्टिको. १९४४ची. मागावर बसलेला विणकर बोटांनी रंगीत धागे उचलून काठाची नक्षी भरत होता. इंच इंच पुढे जाणारं काम, बघूनच माझी पाठ दुखायला लागली. तिथे समजलं की कुल्लूच्या जुन्या शाली साध्याच असत. १९४०च्या सुरुवातीला बुशहरकडचे कारागीर आले आणि मग ही भौमितिक नक्षी रुजली. म्हणजे जिला जग कुल्लूची म्हणून ओळखतं ती नक्षीच मुळात पाहुणी. माल रोडवर 'असली कुल्लू' म्हणून जे ढीग असतात त्यांतलं बरंच पंजाबातल्या यंत्रमागांवरचं. मी माझी टोपी काढून विणकराला दाखवली. त्याने पट्टी उलटी करून मागची बाजू बघितली, धाग्यांची टोकं चाचपली, आणि अगदी सभ्यपणे परत दिली. मी पुढे विचारलं नाही.

आईने पट्टूची किंमत विचारली. हातविणीचा, चांगल्या लोकरीचा. आकडा ऐकून तिने तो दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखा, परत ठेवला. पूला मात्र दोन जोड घेतले. एक घालायला, एक बाबांच्या फोटोपाशी ठेवायला.

१६ मे

परतीची वाट. अम्मांनी निघताना आईच्या पायांतले मोजे ओढून काढायला लावले. चपलेवर मोजे नकोत, एक काय ते घाल. आईने ऐकलं.

मंडीपर्यंत शाल गेली, सुंदरनगरला स्वेटर गेला, बिलासपूरच्या पुढे गाडीच्या काचा बंद करून एसी. ड्रायव्हर आठवडाभर टी-शर्ट आणि जीन्समध्ये होता, एकदाही त्याच्या डोक्यावर काही बघितलं नव्हतं. चंदीगड अर्ध्या तासावर आलं, बाहेर पुन्हा तेच चाळीसचं ऊन, आणि त्याने गाडी कडेला घेऊन डॅशबोर्डच्या खणातून टोपी काढली. कुल्लूची, जाड लोकरीची, वापरून मऊ झालेली. आरशात बघून बसवली. पट्टीचा रंग कुठला होता ते सांगत नाही, त्याचं मत त्याच्यापाशी.

मी विचारलं, मनालीत कधी घातली नाही, इथे या उकाड्यात कशाला?

"वहाँ तो सबको पता है मैं कौन हूँ," तो म्हणाला. इथे पार्किंगवाला, पोलीस, ढाब्यावरचा पोऱ्या, सगळे टोपी बघतात. पहाडवाला आहे म्हटलं की जरा नीट बोलतात. कधी एखादा गाववाला भेटतो, तो लांबून हात करतो.

विमानतळाच्या दारात त्याने सामान उतरवलं. कानशिलावरून घामाचा ओघळ खाली येत होता, टोपी तशीच. शेजारच्या गाडीजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या टोपीवाल्याने त्याला हात केला.